कुपी उलटी धरताना

माझी आई चाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करते आहे, आणि हे मी आता कोणालाही न लाजता सांगते. मागच्या वर्षापर्यंत मी बरंच काही सांगायची नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात खाली ठेवायचा, अशी माझी खोड होती. मग अकरावी आली, रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आलं, आणि लक्षात आलं की अख्ख्या तुकडीत ब्युरेटचा नळ एकेका थेंबाच्या बेताने फिरवता येणारी मी एकटीच आहे. तेव्हापासून माझी जीभ सुटली ती सुटलीच. बाबा म्हणतात, ही बोलत नाही म्हणून काळजी वाटायची ते दिवस किती शांततेचे होते.

त्या गुरुवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी आईच्या प्रयोगशाळेत गेले. बाहेरच्या बाकावर बसून डबा खायचा, गृहपाठ उरकायचा आणि सहाला तिच्याबरोबर घरी जायचं, एवढाच बेत होता. पण आई आत नव्हती. ती त्याच बाकावर बसली होती, हातात काही नाही, समोरच्या भिंतीकडे बघत. माझ्या आईच्या हातात काही नाही असं मी फक्त ती तापाने फणफणली होती तेव्हा पाहिलं होतं.

काय झालंय हे तिच्याकडून काढून घ्यायला मला दहा मिनिटं लागली.

आधी तिचं काम काय ते सांगते. आई असे रेणू बनवते ज्यांना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. प्रत्येक रेणू बुंध्याशी निमुळता आणि टोकाकडे पसरलेला, पंख्यासारखा. असे सहा पंखे बुंध्याला बुंधा लावून बसले की गोल चकती तयार होते. त्यांना कोणी जोडत नाही. बुंध्यांशी हायड्रोजन बंध असतात, ते एकमेकांना धरतात. एकटा बंध अगदी लेचापेचा, नुसती करंगळीत अडकवलेली करंगळी. पण अशा अठरा करंगळ्या एकदम अडकल्या की चकती पक्की. मग चकतीवर चकती चढते, त्यांचे लांब धागे होतात, धाग्यांची जाळी होते, आणि त्या जाळीत द्रव अडकून बसतो. पाण्यासारखा पातळ क्लोरोफॉर्म थिजतो. काचेची कुपी उलटी केली तरी खाली पडत नाही. हे सगळं आपोआप होतं का, असं मी एकदा विचारलं होतं तेव्हा आई म्हणाली होती, आपोआपच, माझं काम एवढंच की त्यांच्यामध्ये कोणाला येऊ द्यायचं नाही.

आईच्या हातून हे दर वेळी व्हायचं. भानगड अशी की दुसऱ्या कोणाच्या हातून ते होत नव्हतं.

त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत मोठ्या बाई. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांना मोठ्या बाईच म्हणतात, आणि त्या कधी आवाज चढवत नाहीत म्हणून सगळे त्यांना आणखीनच घाबरतात. त्यांचा एक नियम आहे, आईचा शोधनिबंध छापून आल्यानंतर केलेला, त्याचं नाव 'दुसरा हात'. ज्याने शोध लावला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी त्याची वही वाचून, वेगळ्या टेबलावर, भांडारातून आणलेल्या सामानाने तोच प्रयोग करायचा. शोध लावणाऱ्याकडून घ्यायची ती फक्त त्याने बनवलेली पूड. आणि शोध लावणारा तोवर दाराबाहेर. दुसऱ्या हातून झालं तरच ते झालं.

मागच्या महिन्यात दुसरा हात होता चष्मिस. तो आईपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण प्रयोगशाळेत तिला दोन वर्षांनी सीनियर. त्याने दोनदा केलं, दोन्ही वेळा कुपीतलं पातळ ते पातळच. आई घरी येऊन म्हणाली होती की त्या मुलाच्या हातून सरबतसुद्धा नीट ढवळलं जायचं नाही. प्रयोगशाळेतही त्याची यथेच्छ टिंगल झाली. त्यावर तो एकच गोष्ट म्हणाला, तीही हळू आवाजात: कदाचित यांच्या कुपीत दुसरंही काहीतरी असेल. म्हणजे आई लबाडी करते. ते वाक्य महिनाभर कॉफीच्या यंत्रापाशी घुटमळत राहिलं.

आणि मग ज्या मासिकाने आईचा निबंध छापला होता त्यांचं पत्र आलं. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या लोकांनाही ते जमलं नव्हतं. तुमच्याकडे आईशिवाय कोणी हे करून दाखवलं आहे का, गुरुवारी पाच वाजेपर्यंत कळवा, नाहीतर निबंध मागे घ्या. निबंध मागे म्हणजे पदवी मागे. पाच वर्षं मागे. आणि आईला लोक आयुष्यभर ती कुपीवाली बाई म्हणणार.

गुरुवार आज होता. दुपारचे दीड वाजले होते. परीक्षा संपून बाकीचे सगळे सुटीला गेलेले. दुसरा हात व्हायला माणूसच नव्हता, चष्मिस सोडून, आणि एकदा हरलेला हात नियमाप्रमाणे पुन्हा चालत नाही.

मी म्हटलं, मी करते.

आई म्हणाली, वेडी आहेस का. मी सांगितलं की मला वजन करता येतं, पिपेट धरता येतं, आणि वाचता तर पहिलीपासून येतं. ती नाही म्हणायच्या आत मी मोठ्या बाईंचं दार वाजवलं होतं. आत जाईपर्यंत मला फार धीट वाटत होतं, आणि आत गेल्यावर सगळं एका दमात बोलून टाकलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मिस तिथेच होता. तो लगेच म्हणाला की मुलीने आईसाठी केलेल्या प्रयोगाला कोण विचारतो. मला ते पटलं, हेच तर वाईट होतं. पण बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, वय काय. सोळा, मी म्हटलं.

"सोळा वर्षांची मुलगी आईने सांगितलेलं काही करते का?" बाई चष्मिसला म्हणाल्या. "इतका निःपक्षपाती हात मला शहरात दुसरा मिळायचा नाही. तू समोर बस. ती जे करेल ते लिही. पत्रात तिचं नातंही लिहू आणि तुझं मतही लिहू."

म्हणजे जो माणूस आईला खोटारडी समजतो तोच साक्षीदार. याच्यापुढे कोणाला शंका घ्यायला जागा उरणार नव्हती, आणि मला हातचलाखी करायलाही.

आईच्या रेणूंची पूड उरली होती ऐंशी मिलिग्रॅम. एका वेळेला चाळीस लागते. दोन संधी. नवी पूड बनवायला चार महिने.

दोन वाजता मी आईचा पांढरा डगला घातला, त्याच्या बाह्या दोनदा दुमडल्या, हातमोजे चढवले. आई दाराबाहेर गेली. दाराला वर काचेची चौकट आहे, तिच्यातून तिच्या केसांचा एवढासा भाग दिसत होता. ती आत बघत नव्हती. बघायचं नाही असा नियम नाही, तरी बघत नव्हती.

वहीत पाच ओळी होत्या. आईचं अक्षर इतकं नीट की शाळेच्या फळ्यावर लावावं. पूड चाळीस मिलिग्रॅम. क्लोरोफॉर्म दोन मिलिलिटर. झाकण घट्ट लावून पन्नास अंशांवर विरघळेपर्यंत गरम करणे. चाळीस मिनिटं न हलवता ठेवणे. कुपी उलटी करून पाहणे.

मी अगदी तसंच केलं. चष्मिसने भांडारातून क्लोरोफॉर्मची नवी बाटली आणली, माझ्यासमोर सील तोडलं. काम सगळं हूडच्या आत, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात. वजन करताना काटा चाळीसवर येऊन थांबला तेव्हा मी श्वाससुद्धा घेत नव्हते. पूड विरघळली, द्रव स्वच्छ झाला. मी कुपी ठेवली आणि घड्याळ लावलं.

चाळीस मिनिटं फार मोठी असतात. चष्मिस आपल्या वहीत लिहीत होता, आणि लिहायचं संपल्यावर नुसता बसला होता. वाईट माणूस वाटत नव्हता, हीच माझी अडचण. त्याच्या स्वेटरच्या कोपराला भोक होतं आणि तो ते दुसऱ्या हाताने झाकत होता. मी दोन-तीन विनोद करून पाहिले. तो हसला नाही, पण एकदा त्याचा चष्मा किंचित वर गेला.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी कुपी उलटी केली. सगळं सरळ झाकणावर आलं. चुळकन.

चष्मिसने लिहिलं, बसलं नाही, म्हणजे थिजलं नाही. वेळ टाकली. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, मी मुद्दाम बघितलं. तो म्हणाला, माझंही असंच झालं होतं, अगदी असंच.

आत्तापर्यंत मला एकदाही वाटलं नव्हतं की आईने खरंच काहीतरी... आणि आता ते वाक्य माझ्याच डोक्यात अर्ध्यावर येऊन उभं होतं. मी दाराच्या काचेकडे पाहिलं. केस हलले नाहीत. तिला आतलं कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं.

दुसऱ्या चाळीस मिलिग्रॅमची पुडी उचलली आणि परत खाली ठेवली. तेच परत केलं तर तेच परत होणार. शाळेत उत्तर चुकलं की आमच्या बाई सांगतात, आकडे तपासण्याआधी प्रश्न वाच. मी वही वाचली. परत वाचली. मग वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून बाटली वाचली.

लेबलावर वर मोठ्या अक्षरांत नाव, कवटीचं चित्र, सूचनांची जत्रा. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: टिकण्यासाठी इथेनॉल, एक टक्का.

मी चष्मिसला विचारलं की क्लोरोफॉर्ममध्ये दारूचा सत्त्वांश कशाला. त्याने सांगितलं की नुसता क्लोरोफॉर्म उजेडात राहिला तर त्यातून विषारी वायू तयार होतो, म्हणून कारखान्यातच थोडं इथेनॉल घालतात, सगळीकडेच असतं, एक टक्का म्हणजे काहीच नाही.

काहीच नाही? मी कागद ओढला. दोन मिलिलिटरमध्ये एक टक्का म्हणजे साधारण सोळा मिलिग्रॅम. इथेनॉलचा रेणू शेहेचाळीस वजनाचा, आईचा तीन हजारांचा. भागाकार दोनदा केला, कारण पहिल्यांदा खोटा वाटला. आईच्या एकेका पंख्यामागे पंचवीस-सव्वीस इथेनॉल होते. आणि इथेनॉललाही हायड्रोजन बंध करता येतात, हे आम्हाला याच वर्षी होतं. म्हणजे सहा पंखे एकमेकांची करंगळी धरायला निघाले की मध्ये पंचवीस चिकट पाहुणे, प्रत्येकाला आधी यांच्याशीच हातमिळवणी करायची. चकती होणार कशी?

मी कागद चष्मिसपुढे सरकवला. त्याने तो वाचला. मग चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला आणि परत वाचला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने तेव्हा वापरलेली बाटलीही याच भांडारातली होती.

आईच्या टेबलावर निळ्या झाकणाची एक बाटली आहे, ती मला आठवली. दर सोमवारी ती घरून तासभर लवकर निघते, काहीतरी गाळायचं असतं म्हणून. मी म्हटलं, ती बाटली आणू का?

"तिच्या टेबलावरचं काहीही नाही," तो म्हणाला. "त्या बाटलीत काय आहे ते फक्त तिला माहीत. उद्या हेच विचारतील, आणि बरोबर विचारतील."

खरं होतं. मग मी विचारलं की यातलं इथेनॉल काढायचं कसं. तो म्हणाला, मी साक्षीदार आहे, शिकवणी घ्यायला बसलो नाही. आणि वहीत नाही ते केलं तर चालतं का, असं विचारल्यावर त्याने पेनाला टोपण लावलं.

"तू वहीबाहेरचं काही केलंस तर मी ते लिहायचं, असा नियम आहे. करू नकोस असा नियम नाही."

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं तर नुसती ठेवायलाच लागणार. माझं डोकं इतक्या जोरात चालत होतं की ते बाहेर ऐकू जाईल असं वाटलं. इथेनॉलला पाणी आवडतं. क्लोरोफॉर्मला पाणी आवडत नाही. म्हणजे दोन्ही एकत्र हलवली की इथेनॉल पाण्याकडे जाणार, आणि जड क्लोरोफॉर्म खाली बसणार. हे तर आमच्या शाळेतलं प्रॅक्टिकल, फक्त तिथे तेल आणि पाणी होतं. खाली नळ असलेलं काचेचं नरसाळं मांडणीवर लटकत होतं. मी त्यात वीस मिलिलिटर क्लोरोफॉर्म घेतला, तेवढंच पाणी घातलं, बूच लावलं आणि हलवायला लागले. दर थोड्या वेळाने नळ वर करून वाफ सोडायची, मग उभं ठेवायचं, खालचा थर काढायचा, पाणी फेकायचं, नवं पाणी घ्यायचं. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी हात दुखायला लागला. चौथ्या वेळी घाईत नळ थोडा जास्त उघडला गेला आणि पाण्याचा थर तोटीपर्यंत आला. तो थेंब पडायच्या आत मी नळ बंद केला. पाचव्या वेळी थांबले.

पण आता क्लोरोफॉर्म ओला झाला होता, आणि पाणी म्हणजे इथेनॉलचा थोरला भाऊ. एक पाहुणा घालवून दुसरा आणला तर काय उपयोग? ओलावा ओढायला निर्जल कॅल्शियम क्लोराईड, हे पाठ होतं. बरणी सापडली. पांढरे खडे टाकले, फिरवलं. गढूळ होतं ते आरशासारखं निवळलं. गाळलं.

तीन वाजून त्रेचाळीस. मी शेवटची पूड कुपीत टाकली. पुडीच्या कागदाला दोन कण चिकटले होते, ते टिचकीने पाडले. दोन मिलिलिटर. झाकण. गरम. या वेळी पूड पटकन विरघळेना. मला वाटलं, झालं, बिघडवलं मी. चष्मिस खुर्चीतून उठून हूडशी आला होता. शेवटी विरघळली. तीन अठ्ठावन्नला मी कुपी ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिले, उगाच स्पर्श नको.

मी हरले तर घरी कसं जायचं, याचा मी तेव्हा विचार केला. आईला काय सांगायचं हा प्रश्न नव्हता. तिच्याकडे मी कशी बघेन, हा होता. कारण माझ्या मनात ते अर्धं वाक्य आलं होतं आणि ते मला पुसता येत नव्हतं.

चार अडतीसला चष्मिस मोठ्या बाईंना बोलावून आला. बाई हूडपाशी आल्या, कुपी कुठल्या बाजूने धरली तर ऊब लागणार नाही ते पाहिलं, दोन बोटांनी तिचा तळ पकडला आणि हळूच उलटी केली. दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. एक मिनिट पूर्ण धरायची असते.

बसलं होतं. वर, तळाशी, छताला चिकटल्यासारखं.

वीस सेकंदांनी काचेवरून एक ओघळ सुटला आणि झाकणाकडे सरकला. बाईंचा हात हलला नाही. ओघळामागून दुसरा ओघळ आला नाही, ती नुसती काचेवर जमलेली वाफ होती. चाळीस. पन्नास. मिनिट झाल्यावर बाईंनी नखाने कुपीवर टकटक केलं. आतलं थरथरलं आणि जागेवर राहिलं.

बाई म्हणाल्या, बसलंय. मग चष्मिसची नोंद वाचायला घेतली, आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. आईला आत बोलावलं.

आईने आधी कुपी पाहिली. मग मला. मग बाईंनी विचारलं की तू क्लोरोफॉर्म शुद्ध करून घेतेस का, तर ती म्हणाली, हो, दर सोमवारी अशुद्धी शोषून घेणाऱ्या पांढऱ्या पुडीच्या थरातून गाळते, आधीच्या नोकरीत पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं.

"मग वहीत का नाही?"

"ते काय लिहायचं बाई? भाजी धुऊन चिरा, असं कोणी लिहितं का?"

"ज्याने भाजी कधी पाहिली नाही त्याच्यासाठी लिहायचं. वही त्याच्यासाठी असते. तुझ्यासाठी नसते."

आई उभ्या जागी लहान झाली. बाई शांतपणे सांगत होत्या की उत्तर आत्ता जाईल, निबंध राहील, पण उत्तरात हेही जाईल की आमची छापलेली कृती अपुरी होती आणि ज्यांना जमलं नाही त्यांची काही चूक नव्हती. खाली सही आईची हवी. चार सेहेचाळीस झाले होते. मला वाटलं आई वाद घालेल, ती माझ्याशी चमच्याच्या जागेवरून तास तास वाद घालते. तिने खिशातून पेन काढलं. सही करायच्या आधी ती चष्मिसकडे वळली.

"तुझ्या हातात काही दोष नव्हता. मी सगळीकडे बोलत सुटले. आता सगळीकडे हेही सांगेन."

तो कोपराचं भोक झाकत म्हणाला, "आणि तुमच्या कुपीत दुसरं काही नव्हतं. तेही मलाच सांगावं लागेल." पुढे बोलायला वेळच नव्हता.

बाई संगणकाशी बसल्या. आईने चष्मिसची नोंद चाळली, आपली वही उघडली, दुसऱ्या ओळीवर काट मारली आणि लिहायला लागली: क्लोरोफॉर्म पाण्याने चार-पाच वेळा धुऊन.

मी बोट ठेवलं. म्हटलं, पाच.

आई म्हणाली, चार पुरले असते.

"असतील. पण मी पाच वेळा धुतला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग चार-पाच खोडून पाच लिहिलं, आणि विचारलं की प्रत्येक वेळी किती मिनिटं हलवलंस. मला सांगता येईना. मी मोजलंच नव्हतं, मी तर नुसती धावत होते.

"दोन," चष्मिस पलीकडून म्हणाला. "पाचव्या वेळी तीन. मी बघत होतो."

आईने तसंच लिहिलं, आणि वही त्याच्याकडे सरकवली.